‘राजा’ मादी आहे: सिक्लिडमधले नर-मादी ओळखायचे कसे

तुझा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. उजळाईवाडीच्या घरी तीन फुटी टँक. त्यात वर्षभरापूर्वी ‘दोन जोड्या’ म्हणून आणलेले चार यलो लॅब आणि एक राखाडी पीकॉक. शेजारच्या टँकमध्ये दोन ब्लड पॅरट. हे सगळे सिक्लिड, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले मासे; लॅब आणि पीकॉक आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले. लॅबमधला सगळ्यात दांडगा, काळ्याभोर पंखांचा मासा म्हणजे ‘राजा’. घरात सगळे त्याला नर समजतात. गेल्या मंगळवारपासून तो खात नाही, गळा सुजल्यासारखा दिसतो, म्हणून तू निळं औषध टाकलंस. पॅरटनी दोनदा अंडी घातली, दोन्ही वेळा ती पांढरी पडली. आणि शेवटी विचारलंस, ‘काका, ह्यातला मेल कुठला, फिमेल कुठली, नक्की ओळखायचं कसं?’

आधी औषध थांबव. राजा आजारी नाही. राजा मादी आहे आणि तिच्या तोंडात अंडी आहेत. लॅबची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते.

तू पाठवलेल्या व्हिडिओत ती मधूनमधून गुळणी केल्यासारखं तोंड फिरवते. तोंडातली अंडी खालीवर करून ती त्यांना ताजं पाणी पुरवते आहे. दाणे टाकल्यावर ती जवळ येते, बघते आणि मागे फिरते. भूक आहे, पण तोंड उघडायचं नाही. आजारी लॅब असं वागत नाही. मलावीच्या माशांना पोटफुगी होते तेव्हा पोट फुगतं, गळा नाही. पंख अंगाला चिकटतात, श्वास जोरात चालतो, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते. ह्यातलं काहीच तुझ्या व्हिडिओत नाही. निळ्या औषधाने अंड्यांचं फार बिघडत नाही, पण फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्याचा त्रास सगळ्या टँकला होतो. आज चौथा हिस्सा पाणी बदल, परवा पुन्हा तेवढंच. जाळी मात्र टँकमध्ये घालू नकोस. घाबरली तर ती अंडी थुंकून टाकेल, नाहीतर गिळेल.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तू राजाला नर का समजलास? पंख काळे, अंगाने मोठा, सगळ्यांना हाकलतो म्हणून. पुस्तकात वाचून आलेले लोकही हीच चूक करतात आणि मीही केली आहे.

२००५ च्या पुराच्या वेळी माझे टँक कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर होते. यलो लॅब अकरा होते. वहीत मी तिघांपुढे ‘नर’ लिहिलं होतं, कारण तिघांचे खालचे पंख कोळशासारखे काळे. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सगळे मासे बादल्यांत भरून राजारामपुरीला बहिणीच्या घरी नेले. सेलवर चालणारे दोन एअर पंप होते, तेवढ्यावर दिवस काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत डोकावलो तर अकराही मासे सारखेच, फिक्या लिंबाच्या रंगाचे. काळेपणा कुणाच्याच पंखात नव्हता. माझी वही तिथेच निकामी झाली. पाणी ओसरल्यावर टँक पुन्हा लावला, दगड रचले, मासे सोडले, आणि तिसऱ्या दिवशी भलताच एक मासा काळ्या पंखांनी मधली कपार धरून बसला. दिवाळीच्या आत आधीच्या तीन ‘नरां’पैकी दोघींनी तोंडात अंडी धरली. त्याआधी तसेच काळ्या पंखांचे मासे नर म्हणून मी दोन घरी दिले होते. दोन्हीकडे जाऊन चूक सांगून आलो.

त्या बादलीने मला जे शिकवलं तेच तुला सांगायचं आहे. बऱ्याच सिक्लिडमध्ये रंगावरून माशाचं लिंग कळत नाही, टँकमधला त्याचा मान कळतो. ज्याच्याकडे जागा आहे, जो बाकीच्यांना दाबतो, तो गडद होतो. नर नसेल किंवा दबलेला असेल तर मादीही गडद होते. आणि दबलेला नर मादीसारखा फिका राहतो. तसं राहिलं तर मार कमी बसतो. मोठा नर काढून घेतला की हा ‘फिका’ मासा काही दिवसांत रंग चढवतो आणि लोक म्हणतात, मादीचा नर झाला. तो आधीपासून नरच होता.

मग खात्री कशाने होते? पोटाखाली बघून. इंग्रजीत त्याला व्हेंटिंग म्हणतात, आमच्यात सरळ ‘उलटं करून बघणं’. शेपटीच्या आधी, खालच्या बाजूला असलेल्या पंखाच्या अगदी पुढे, पोटाच्या मधल्या रेषेवर दोन छिद्रं असतात. डोक्याकडचं विष्ठेचं, शेपटीकडचं जननाचं. मलावीच्या माशांत दोन्ही छिद्रं जवळपास सारख्या आकाराची असली तर नर. मागचं छिद्र पुढच्यापेक्षा स्पष्ट मोठं, रुंद, लांबट गोल असेल तर मादी. अंडी त्यातूनच बाहेर पडायची असतात. नियम एवढाच. पण तीन इंची जिवंत मासा हातात वळवळत असताना ते दिसायला नजर बसावी लागते, आणि ती नजर आपल्या माशांवर बसवू नये.

त्यासाठी मासळी बाजारात जा आणि अर्धा किलो चिलापी घेऊन ये. मी गंमत करत नाही. मी असाच शिकलो आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला हेच करायला लावतो. नद्या-धरणांतली आपली चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली, आणि तीही सिक्लिडच. विक्रेत्याला सांग, साफ करू नका, अख्खी द्या. खात्री करायची असेल तर तिथेच रोहूच्या शेजारी धरून नाक बघ: रोहूला दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या, सिक्लिडला एकेकच.

घरी आल्यावर ताटात उताणी ठेव आणि मोबाईलचा दिवा बाजूने पाड, वरून नको. तिरप्या प्रकाशात उंचवटे उठून दिसतात. डोक्याकडे विष्ठेचं गोल छिद्र दिसेल आणि त्याच्या मागे मांसाचा एक छोटा उंचवटा. नराचा उंचवटा निमुळता, टोकाला एकच छिद्र. लघवी आणि बीज, म्हणजे शुक्राणू, दोन्ही त्यातूनच. मादीचा उंचवटा बसका, गोलसर, मधोमध आडवी चीर अंड्यांसाठी आणि टोकाशी लघवीचं बारीक छिद्र वेगळं. म्हणजे विष्ठेचं धरून नराला दोन, मादीला तीन. चीर दिसत नसेल तर कापसाच्या काडीने जेन्शन व्हायलेटचा, आपल्या जांभळ्या औषधाचा, ठिपका लाव आणि पुसून टाक. रंग चिरेत अडकून राहतो आणि आडवी रेघ उमटते. मत्स्यशेतीत कामगार पिल्लं वेगळी करताना असाच रंग लावतात. तिथे नर हवे असतात, कारण चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उपाशी राहते आणि तिची वाढ खुंटते. तुझ्या राजासारखंच.

बघून झाल्यावर पोट चिरून तपास. पिवळट दाण्यांची पिशवी निघाली तर मादी, पांढरट गुळगुळीत पट्ट्या निघाल्या तर नर. आपला अंदाज बरोबर होता का हे लगेच कळतं; जिवंत माशात ही सोय नाही. दहा-बारा मासे असे तपासलेस की नजर बसते. जांभळा ठिपका लागलेला भाग कापून टाक, बाकीचं कालवण होऊ दे.

मग आपल्या माशांकडे वळ. आदल्या दिवशी दाणे देऊ नकोस, म्हणजे पोट रिकामं राहील. हात आणि जाळी टँकच्याच पाण्यात भिजव. कोरड्या हाताला अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि तिथे बुरशी धरते. मी जाड स्पंजच्या तुकड्याला मधे खाच पाडून तो भिजवून ठेवतो. मासा त्या खाचेत उताणा बसवला की शांत राहतो आणि दाबावं लागत नाही. दुसऱ्या कुणालातरी मोबाईल धरायला सांग, तीन-चार फोटो घे आणि मासा परत सोड. दहा-पंधरा सेकंदांचं काम. बघत बसायचं नाही, फोटो मोठा करून नंतर बघायचं. एकाच मापाचे सगळे मासे एका बैठकीत बघ, कारण एकट्या फोटोवरून ‘मोठं’ छिद्र म्हणजे किती मोठं ते ठरत नाही; चार फोटो शेजारी ठेवले की वेगळा कोण ते आपोआप दिसतं. सात सेंटीमीटरच्या आतल्या माशाला हात लावू नये असं माझं मत आहे. थंडीत पहाटे तर नकोच. माझ्याकडे डिसेंबरात टँकच्या बाहेरचं पाणी इतकं गार असतं की माशाला झटका बसतो. आणि तोंडात अंडी असलेल्या मादीला कधीच नाही. म्हणजे सध्या राजाला सोडून उरलेल्या तिघांनाच बघायचं.

जाता जाता लॅबबद्दल एक. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘सेरुलियस’ म्हणजे निळा. तळ्यात ह्या जातीचे बरेचसे मासे पांढरट-निळेच असतात, पिवळे थोड्याच भागातले. दुकानांनी पिवळेच जगभर नेले. नावातलाच रंग जिथे माशावर नाही तिथे रंगावरून जोडी कशी लावणार!

आता रंग अजिबात कामाचा नाही असंही नाही. जात कुठली ते आधी बघायचं, मग रंगाचा अर्थ लावायचा. केनयी घे: पिल्लं सगळी निळी, माद्या मोठेपणीही निळ्या, आणि नर मोठा होता होता पिवळा होतो. सुंदर निळे म्हणून सहा आणावेत, आणि त्यातला एखादा पिवळा पडायला लागला की लोक घाबरून औषध शोधतात. ऑराटस ह्याच्या जवळपास उलटा: पिल्लं आणि माद्या पिवळ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, नर मोठेपणी काळा, अंगावर फिकट निळसर पट्टे. ह्या दोन जातींत पूर्ण वाढलेला, रंगलेला नर लांबूनही ओळखू येतो. दबलेला नर मात्र इथेही फसवतो. डेमासोनीत नर-मादी दोघेही निळे-काळे. तिथे उलटं करून बघण्याशिवाय गत्यंतर नाही. शेपटीखालच्या पंखावरच्या पिवळ्या ठिपक्यांवरून, ज्यांना अंड्यांचे ठिपके म्हणतात, बरेच जण ठरवतात. नरात ते ठळक आणि जास्त असतात हे खरं, पण कित्येक जातींत मादीलाही असतात. त्या ठिपक्यांबद्दल वोल्फगांग विकलर ह्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की ते अंड्यांची नक्कल करतात: मादी आपली अंडी तोंडात घेते, नराच्या पंखावरचे ठिपकेही अंडीच समजून टिपायला जाते आणि त्याच वेळी बीज तिच्या तोंडात जातं. राजाने मंगळवारी हे केलं असेल तर तुझ्या टँकमध्ये एक नर आहे. बहुतेक तो तुला ‘मादी’ म्हणून दिलेल्या दोघांतलाच आहे. अंडी धरलेली मादी असणं म्हणजे नर असणं असं मात्र समजू नकोस; नराशिवायही मादी अंडी घालून तोंडात घेते, पण ती फळत नाहीत आणि थोड्या दिवसांत ती गिळून पुन्हा खायला लागते.

तुझा राखाडी पीकॉक. पीकॉकमध्ये रंग नराचाच, मादी करडी-तपकिरी. पण नरही लहानपणी करडाच असतो आणि रंग साधारण सहा-सात सेंटीमीटरला भरायला लागतो. तुझा मासा फोटोत तेवढ्याच मापाचा दिसतो, वरच्या पंखाच्या कडेला फिकट निळी रेघ आहे, म्हणून मला तो तरुण नर वाटतो. तीन महिने वाट बघ. काळजी मला उलट्या प्रकारच्या माशांची वाटते: दीड इंचाची पीकॉकची पिल्लं, सगळी एकजात झगझगीत, टँकभर. निसर्गात असं होत नाही. तिलापियाच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून जे नरांचं हार्मोन, मिथाइल टेस्टोस्टेरॉन, देऊन सगळे नर करतात, त्याच प्रकारचं हार्मोन शोभेच्या माशांना रंग चढवायला देतात. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि त्यातल्या माद्यांना पुढे पिल्लं होतील याचा भरवसा राहत नाही. अशा माशांत पोटाखालचं छिद्रही चकवू शकतं. एवढ्या लहान मापाला पूर्ण रंगलेला पीकॉक कुणीही, कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नकोस. त्या जिवावर तो अन्याय आहे आणि तुझे पैसेही जातात.

पॅरटचं उत्तर तुला आवडणार नाही. ब्लड पॅरट हा माणसाने केलेला संकर, तैवानात १९८० च्या दशकात आलेला. त्यातले नर बहुतेक वांझ असतात. माद्या मात्र अंडी घालतात, तीही मन लावून: दगड साफ करतात, पंख्यासारखं पाणी मारतात, राखण करतात. शिवाय दोन माद्याही जोडी करून राहतात. म्हणून अंडी पांढरी पडण्याची कारणं दोनच असू शकतात, दोघी माद्या आहेत किंवा नर आहे पण बीज नाही. फरक कळायला पुढच्या वेळी अंडी घालण्याच्या दिवशी पोटाखाली बघ. तेव्हा दोघांचीही नळी बाहेर आलेली असते आणि मासा हातात घ्यावा लागत नाही. जाड, बोथट टोकाची नळी मादीची. बारीक, टोकदार नराची. एंजल आणि डिस्कसमध्येही हाच उपाय, एरवी ते दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. एंजलच्या डोक्याच्या गोलाईवरून ठरवणारे मी बरेच पाहिले, आणि त्यांच्या ‘जोड्यां’ची पांढरी अंडीही पाहिली. फळलेलं अंडं दुसऱ्या दिवशीही काचेसारखं, मधाच्या रंगाचं राहतं. न फळलेलं दुधासारखं होतं आणि त्यावर बुरशीचा कापूस धरतो. पॅरटच्या अंड्यांसाठी तू टँकमध्ये आणखी औषधं टाकू नकोस. त्या माद्यांना राखण करू दे, चार दिवसांनी त्या स्वतःच अंडी खाऊन टाकतात.

बाकीच्या जाती पटकन. क्रिबमध्ये मादी लहान, गोलसर आणि पोटाला जांभळासारखा लाल रंग. नर लांब, वरचा-खालचा पंख टोकाला निमुळता. ह्यात पाण्याचाही हात असतो: आम्ल पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नर जास्त निघतात. कॉन्व्हिक्टमध्ये रंगाचा नेहमीचा नियम उलटा आहे, पोटावर नारिंगी-सोनेरी खवले असतील ती मादी, आणि हे दीड-दोन इंचांवर दिसतं. जॅक डेम्प्सीच्या मादीच्या गालाच्या खालच्या भागात निळी चमक दाट पसरलेली, नराच्या तिथे सुटे ठिपके. रॅमच्या मादीचं पोट गुलाबी, पण मत्स्यशेतीत रंगासाठी निवडून वाढवलेल्या सोनेरी आणि निळ्या रॅममध्ये ह्या खुणा पुसट झाल्या आहेत. ऑस्करमध्ये बाहेरची खूण नाही, अंडी घालेपर्यंत थांबायचं. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरच्या टेंगळावरून ठरवू नये. मोठं टेंगूळ असलेली मादी माझ्याकडे आहे. आणि नुसत्या मापावर ठरतं असंही एक उदाहरण आहे: टांगानिका तळ्यातल्या लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरसमध्ये नर मादीच्या सुमारे बारापट वजनाचा असतो. त्याला गोगलगायींचे रिकामे शंख उचलून घरट्यात आणायचे असतात आणि तिला त्या शंखाच्या आत मावायचं असतं.

म्हणून इथून पुढे ‘जोडी’ म्हणून लॅब किंवा कुठलेही म्बुना, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणारे सिक्लिड, घेऊ नकोस. दुकानदार मुद्दाम फसवतो असं नाही. दीड इंचाच्या पिल्लाचं त्यालाही सांगता येत नाही. मलावीच्या माशांत जोडी नसतेच, एक नर आणि तीन-चार माद्या असा घोळका असतो. नुसती जोडी ठेवली तर नर त्या एकाच मादीच्या मागे लागून तिला मारतो. सहा-आठ पिल्लं एकाच वेळी घे, वर्षभर वाढव, मग उलटं करून बघ आणि जास्तीचे नर दुसऱ्याला दे. तुझ्या चौघांत आणखी एक नर निघाला तर त्याची आधी सोय कर. राजाचं उपाशीपोट आणि दोन नरांची पळापळ एका तीन फुटी टँकमध्ये चालणार नाही.

राजासाठी कॅलेंडरवर मंगळवार हा पहिला दिवस धर. साधारण अठराव्या दिवसापासून पिल्लं सोडायची वेळ येते, पाणी गार असेल तर पंचविसाव्यापर्यंत जातं. सोळाव्या दिवशी रात्री दिवे बंद करून, टॉर्चच्या उजेडात तिला पाण्यासकट मोठ्या भांड्यातून उचल, जाळीने नको, आणि दगड-फिल्टर लावलेल्या छोट्या टँकमध्ये सोड. पॅरटचा टँक त्यासाठी नको, पॅरट पिल्लं खातील. पिल्लं बाहेर आली की ती जवळजवळ सेंटीमीटरभर असतात आणि पहिल्याच दिवसापासून बारीक कुटलेले दाणे खातात. पहिल्या वेळेला दहा-पंधरा निघाली तरी चांगली. तिला मात्र लगेच मोठ्या टँकमध्ये टाकू नकोस. तीन आठवडे ती उपाशी आहे; चार-पाच दिवस थोडं थोडं, दिवसातून तीनदा खाऊ घाल, पोटाची खपाटी भरून येऊ दे, मग परत सोड. तोवर मोठ्या टँकमधले दगड हलवून वेगळे रच, म्हणजे सगळ्यांच्याच जागा नव्या होतील आणि परत आलेल्या तिला कुणी हाकलणार नाही. उरलेल्या तिघांचे फोटो रविवारी पाठव, आडवे आणि जवळून.